पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता

आमच्या वेळी शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नाला पाच गुण असत. त्यांतला एक गुण कागदाच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःचा पत्ता लिहिण्याबद्दल मिळे. उरलेल्या चार गुणांसाठी आम्ही तीर्थरूपांकडे सहलीचे पैसे मागत असू, धाकट्या भावाला व्यायामाचे महत्त्व पटवून देत असू आणि जे मित्र परीक्षेत कधीच पहिले येणार नव्हते त्यांचे पहिले आल्याबद्दल अभिनंदन करीत असू. ही तिन्ही असत्ये आम्ही सफाईने लिहीत असू. पण पत्त्याचे सत्य लिहिताना हटकून विसरायचे. माझा तो एक गुण दरवर्षी गेला.

एकदा मी मास्तरांना विचारले, "सर, पत्र वडिलांना लिहायचं. वडील आमच्याच घरात राहतात. त्यांना आमचा पत्ता कशाला?"

मास्तरांनी आधी माझा कान हातात घेतला आणि मग उत्तर दिले. "गाढवा, पत्र पोचलं तर हा पत्ता कुणीच वाचत नाही. नाही पोचलं तरच तो कामाला येतो."

कान त्याच दिवशी समजला. वाक्य समजायला पन्नासएक वर्षे लागली.

आमचे गाव नांदगाव, जिल्हा नाशिक. यातले 'जिल्हा नाशिक' हे शब्द बाहेरच्या माणसाला शेपटासारखे वाटतील. आम्हांला ते नाकासारखे आहेत. कारण या देशात नांदगावांचा तुटवडा नाही. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे. छत्तीसगडात राजनांदगाव आहे. रायगड जिल्ह्यात मुरुडच्या वाटेवर नांदगाव आहे. कोकण रेल्वेवर सिंधुदुर्गात नांदगाव रोड आहे. वर मथुरेकडे कृष्णाचे नांदगाव आहे ते निराळेच. नांदायला योग्य असे गाव म्हणजे नांदगाव असा अर्थ धरला, तर आपले पूर्वज नव्या नावासाठी फार डोके खाजवत नसत असे दिसते.

एक काळ मात्र असा होता की आमच्या नांदगावाला जिल्ह्याची गरज नव्हती. जी. आय. पी. रेल्वे आली आणि मनमाडहून त्या वेळच्या औरंगाबादकडे जाणारी निजामाची रेल्वे अजून व्हायची होती, त्या मधल्या काळात वेरूळची लेणी पाहायला निघालेले गोरे साहेब मुंबईहून गाडीत बसून नांदगाव स्टेशनावर उतरत आणि टांग्याने चाळीसेक मैल हाडे खिळखिळी करून घेत. इंग्रजी प्रवासपुस्तकांत 'वेरूळसाठी स्टेशन : नांदगाव' असे छापलेले असे. पुढे मनमाडला जंक्शन झाले. मनमाड आमच्याच तालुक्यात आहे, तरी गाडीतला माणूस आम्हांला विचारतो, "नांदगाव म्हणजे मनमाडच्या पुढचं का?" आपल्याच तालुक्यातल्या गावाने आपली ओळख सांगावी, हे दुःख तालुक्याच्या गावालाच कळेल.

असो. पत्राचा विषय चालला होता.

पाठवणाऱ्याची ओळख ही काही टपालखात्याने काढलेली टूम नव्हे. आपले जुने मराठी पत्र उघडावे तर पहिल्या ओळीतच कुणी कुणाला लिहिले ते मायन्यासकट येते. नमस्कार साष्टांग की आशीर्वाद, यावरून कोण मोठा नि कोण धाकटा तेही कळते. त्यातही लबाडीला वाव नको म्हणून राजपत्रांवर शिक्का असे, आणि मजकूर संपला की शेवटी मर्यादेची छोटी मुद्रा उठवीत. शिक्क्याने सांगायचे की हे पत्र खरोखर आमचेच. मर्यादेने सांगायचे की मजकूर इथे संपला, याखाली कुणी चार ओळी घुसडल्या तर त्या आमच्या नव्हेत. 'मोर्तब झाले' असे आपण अजून म्हणतो, ते या शिक्कामोर्तबावरून. एवढा बंदोबस्त करणाऱ्या लोकांनी पुष्कळ पत्रांवर नुसता महिना आणि चंद्र घातला आणि वर्ष घालायचे सोडून दिले, त्यामुळे राजवाड्यांपासून पुढच्या सगळ्या संशोधकांना जन्मभर काम मिळाले, ही गोष्ट वेगळी. पत्र लिहिणाऱ्याला आपण कोणत्या वर्षी आहोत हे ठाऊक असते, म्हणून ते जगालाही ठाऊक असणार असे त्याला वाटते. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि या लेखातल्या सगळ्या भानगडी त्यातूनच उद्भवणार आहेत.

इंग्रजांनी १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड काढले, तेव्हा शिक्का गेला आणि सही आली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये आंतर्देशीय पत्र आले. निळसर कागद, तीन घड्या, आणि मागच्या बाजूला 'पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता' यासाठी मोकळ्या ओळी. मराठी माणसाने त्या ओळींचा उपयोग बहुधा आत न मावलेला मजकूर लिहिण्यासाठी केला. "ता. क. लोणच्याची बरणी परत पाठवणे" हे वाक्य मी त्या जागी स्वतः वाचले आहे.

माझे धाकटे काका नोकरीनिमित्त नागपूरला होते. त्यांचे नाव मोठे भारदस्त, पण घरात ते 'बाबू'. आजी गेली त्या वर्षी, म्हणजे १९७१ साली, विहिरीच्या हिश्शावरून ते आणि वडील यांच्यात जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. काका रात्रीच्या गाडीने निघून गेले. वडील म्हणाले, "त्याला चूक कळली तर लिहील." मग ते पत्राची वाट पाहू लागले. पोस्टमनला रोज दारात उभे करून चौकशी होई. महिना झाला, वर्ष झाले. वडिलांनी निष्कर्ष काढला, "माजलाय."

तिकडे काकांनी पंधरा दिवसांतच पत्र लिहिले होते. हे आम्हांला कळले १९८४ साली, एका लग्नात, दोघेही एकाच पंगतीत समोरासमोर बसल्यावर. दोघांनी आधी मठ्ठ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिले. काका म्हणाले, "दादा, पत्राला उत्तर तरी द्यायचंस." वडील म्हणाले, "कुठल्या पत्राला?"

मग चौकशी झाली. काकांनी पत्ता घातला होता, 'मु. पो. नांदगाव'. जिल्हा नाही. का, तर नांदगाव म्हणजे आपले नांदगाव, दुसरे कुठले? नागपुरात बसून ज्याने कुणी ते पत्र वर्गीकरणाच्या खणात टाकले असेल, त्याला जवळ काय पडले असेल ते नकाशा बघून आपणच ठरवावे. पश्चिमेला नांदगाव खंडेश्वर, पूर्वेला राजनांदगाव. जिथे कुठे गेले तिथे त्या नावाचा माणूस नव्हता. पत्र उलट पाठवावे तर मागच्या ओळी कोऱ्या. अशी पत्रे टपालखात्याच्या परत-पत्र कचेरीत जातात. तिथे ती उघडून आत पत्ता सापडतो का ते पाहतात. आमच्या काकांनी आत शेवटी लिहिले होते, 'तुझाच, बाबू'. भारतात त्या वेळी पंचावन्न कोटी लोक होते. त्यांतले बाबू किती, ते जनगणनेतही निघाले नसेल.

तेरा वर्षे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण विहिरीचे होते हे खरे, पण ते भांडण पंधरा दिवसांचेच होते. बाकीची बारा वर्षे साडेअकरा महिने ते त्या कोऱ्या ओळीचे होते.

या घटनेनंतर एकच वर्षाने, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोड सुरू झाला. तो योजणारे गृहस्थ मराठी होते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले मोठे अधिकारी, कोकणातले आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्याच्या नाना लिप्या आणि त्याहून नाना अक्षरे, यावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्टाचे. आमचे नांदगाव ४२३१०६. अमरावतीकडचे ४४४ ने सुरू होते, राजनांदगाव ४९१ ने. पहिला ४ सगळ्यांचा सारखा, म्हणजे भाऊबंदकी तिथेही आहेच. पण दुसऱ्या आकड्याला वाटण्या होतात. एक वर्ष आधी हे झाले असते तर काकांचे पत्र पोचले असते असे मी वडिलांना म्हणालो. वडील म्हणाले, "बाबूनं जिल्हा लिहिला नाही, तो सहा आकडे लिहिणार होता?"

आता गंमत पाहा. त्याच १९७१ साली, अमेरिकेत केंब्रिज गावी रे टॉमलिन्सन नावाचा एक इंजिनिअर एका यंत्रावरून शेजारच्याच यंत्रावर पत्र पाठवण्याच्या खटपटीत होता. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये काहीतरी खूण हवी, म्हणून त्याने @ ही खूण घेतली. आमच्या बाजारपेठेत ती खूण आधीपासून होती. दहा पोती, दर अमुक, असे बिलात लिहिताना आडते ती वापरत. टॉमलिन्सनने तिला दराच्या कामावरून काढून पत्त्याच्या कामाला लावले. अमका, मुक्काम तमके यंत्र. थोडक्यात 'मु. पो.' चे काम.

पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल याने या टपालाचे नियम लिहून काढले. त्यात एक बारकावा आहे तो आपल्या पोस्टातल्या माणसाला चटकन कळेल. ई-मेलला पाठवणाऱ्याची नावे दोन असतात. एक पाकिटावरचे आणि एक आतल्या कागदावरचे. वाचणाऱ्याला आतले दिसते. पत्र पोचले नाही तर ते परत येते पाकिटावरच्या नावाने. आणि परत आलेल्या पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवतात. नाहीतर परतीचे पत्र परत, त्याची परत पुन्हा परत, असे जगाच्या अंतापर्यंत चालेल. कोरी ओळ शहाणपणाने सोडल्याचे हे मला ठाऊक असलेले एकमेव उदाहरण.

आपल्याकडे हे टपाल सामान्य माणसाच्या घरी आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या कृपेने. पंधरा ऑगस्टला पत्त्यांचा काही योग असावा. त्या वेळी पुण्याच्या माणसाचा पत्ता असे : नाव, मग @, मग 'जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन'. त्यातले ते पहिले अगम्य अक्षर म्हणजे निगमच्या पुण्यातल्या यंत्राचे घरगुती नाव. ते यंत्र कुठे आहे नि कसे दिसते ते कुणी पाहिले नव्हते, पण त्याचे नाव माणसे लग्नपत्रिकेवर छापत. यंत्राने आपले घरातले नाव बाहेर सांगायचे नसते, ही रीत जगाला हळूहळू कळली.

आम्हांला ती तीन वर्षांपूर्वी कळली.

गावातल्या एका संस्थेचा मी चिटणीस आहे. नाव सांगत नाही, कारण दोष निम्मा माझा आहे. संस्था गरीब व होतकरू मुलांना शिष्यवृत्ती देते. मुलांचे अर्ज, गुण, कागदपत्रे यांसाठी आम्ही कपाटाशेजारी एक सर्व्हर बसवला. त्याचे बारसे केले. आमच्या नदीवरून नाव ठेवले 'शाकंबरी'. पेढे वाटले. निवड झालेल्या अडतीस मुलामुलींना शाकंबरीने आपणहून पत्रे पाठवली : अमुक तारखेपर्यंत मूळ कागदपत्रे घेऊन या, अन्यथा हक्क राहणार नाही.

कुणी आले नाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "बघा, हल्लीच्या पोरांना गरजच राहिलेली नाही." खजिनदार म्हणाले, "माजलेत." सभागृहाला रंग द्यायचा बरेच दिवस राहिलाच होता. ठराव लिहायला मी पेन उघडले. 'माजलेत' हा शब्द मी पूर्वी कुठे ऐकला होता ते मला त्या क्षणी आठवले नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

इतक्यात नायडोंगरीची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, "सर, यादी लागली का? निरोप काही आला नाही, म्हणून म्हटलं बघून यावं. नाव नसलं तर कॉलेज सोडून मला कामाला लागायचंय, म्हणजे तसं घरी सांगता येईल."

यादीत तिचे नाव चौथे होते.

मी त्याच संध्याकाळी पुण्याच्या भाच्याला फोन केला. भाचा या यंत्रांतला. रात्रीच्या गाडीने आला, चहा न घेता शाकंबरीपुढे बसला, आणि पाच मिनिटांत म्हणाला, "मामा, तुमची एकतीस पत्रं परत आलीत."

"कुठं?"

"इथंच. या पेटीत."

"कुणाच्या पेटीत?"

"रूटच्या."

"हा रूट कोण?"

"कुणीच नाही. तो मशीनचा घरमालक असतो. नुसतं नाव."

प्रकार असा झाला होता. शाकंबरीला आपला पत्ता काय लिहावा हे कुणी सांगितलेच नव्हते. तिने बिचारीने स्वतःला ठाऊक होते ते लिहिले : रूट, मुक्काम शाकंबरी, पोस्ट लोकलडोमेन. आता लोकलडोमेन नावाचे गाव जगाच्या नकाशावर नाही. ते आमच्या कपाटाशेजारीच आहे. पलीकडच्या टपालवाल्यांनी पाहिले, असे गाव नाही, तेव्हा हा माणूसही नसणार. आणि दारातूनच पत्र परत केले. उरलेली सात पत्रे कुणी घेतली ती रद्दीच्या खणात गेली. परतलेली एकतीस रूटच्या पेटीत पडली, आणि ती पेटी कुणाची ते कुणालाच ठाऊक नव्हते.

मी खुर्चीवर बसलो. 'तुझाच, बाबू', दुसरे काय?

भाच्याने दुरुस्ती केली ती मी शेजारी बसून पाहिली, म्हणून सांगू शकतो. शाकंबरीवर पत्रे नेणाऱ्या कार्यक्रमाचे नाव पोस्टफिक्स. वित्स्ये व्हेनेमा नावाच्या डच गृहस्थाने तो १९९८ मध्ये जगाला फुकट दिला. त्याच्याआधी एरिक ऑलमनच्या सेंडमेलचे राज्य होते, त्यात याच कामाला 'सोंग घेणे' अशा अर्थाचा शब्द होता, म्हणजे यंत्राने बहुरूपी व्हायचे. पोस्टफिक्समध्ये 'जेनेरिक' नावाची एक साधी यादी असते. डावीकडे घरातले नाव लिहायचे, उजवीकडे जगातले. डावीकडे रूट मुक्काम शाकंबरी, उजवीकडे संस्थेचा खरा पत्ता. मग मुख्य फायलीत 'एसएमटीपी जेनेरिक मॅप्स' या ओळीत त्या यादीचा ठावठिकाणा द्यायचा, 'पोस्टमॅप' म्हणून यादी यंत्राच्या पचनी पाडायची, आणि नव्याने वाचायला सांगायचे. गंमत अशी की हे नाव फक्त पत्र बाहेर जाताना बदलते. घरातल्या घरात बाबू बाबूच राहतो. उंबरठा ओलांडताना त्याला कोट चढवतात.

अध्यक्षांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मग माझाच जीमेलचा पत्ता घाला ना. मला सगळे ओळखतात."

भाचा म्हणाला, "साहेब, तुम्हांला ओळखतात म्हणूनच चालणार नाही. तुमच्या नावानं दुसऱ्याच मशीनवरून पत्र आलं तर लोक ते बनावट समजतात."

१९७८ साली जाहिरातीचे पहिले नकोसे पत्र शेकडो लोकांना गेले, तेव्हापासून हे टपाल तोतयांनी भरून गेले. म्हणून आता नावावर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्या वतीने कोणत्या यंत्राने पत्रे पाठवायची ते आधी जाहीर करावे लागते. त्याला एसपीएफ म्हणतात. पत्रावर गुप्त किल्लीने शिक्का उठवावा लागतो, मजकुरात कुणी मागाहून बदल केला तर शिक्का जुळत नाही, ते डीकेआयएम. आणि दोन्ही जुळले नाही तर पत्राचे काय करावे ते सांगणारे डीमार्क. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. भाचा मोठ्या अपूर्वाईने समजावत होता. मी म्हटले, "शिक्का आणि मर्यादा. पुढं बोल."

मग खजिनदारांची सूचना आली : पाठवणाऱ्याच्या जागी 'नो-रिप्लाय' घाला, म्हणजे उत्तरांची कटकट नको. बैठकीत मी सहसा बोलत नाही. माझे काम लिहिण्याचे. त्या दिवशी बोललो. ज्या भाषेत पत्राच्या शेवटी 'उत्तराची वाट पाहत आहे' लिहितात, त्या भाषेत 'उत्तर देऊ नये' हे कुणाच्या नावाच्या जागी लिहायचे कसे? आणि उत्तर आले नाही म्हणजे पोरे माजली, असे ठरवणारेही आपणच. मग मी एका विहिरीची गोष्ट सांगितली. सभागृहाचा रंग पुढच्या वर्षावर गेला.

तारीख पंधरा दिवस वाढवली. सदतीस मुले आली. अडतिसाव्याने कळवले की त्याला दुसरीकडून मदत मिळाली आहे, माझी जागा गरजूला द्यावी. हे त्याने ई-मेलला उत्तर देऊनच कळवले.

जाताना भाच्याने आणखी एक ओळ लिहिली. रूटला येणारी पत्रे आता माझ्याकडे वळतात. त्यामुळे तेव्हापासून मी रूट आहे. शाकंबरी रात्री दोन वाजता 'जागा भरत आली आहे' असे कळवते, ते मला कळवते. पण एखादे पत्र परत आले तर तेही मलाच कळते, आणि मी त्या मुलाला फोन करतो.

राहता राहिले वडील आणि काका. १९८४ नंतर वडील काकांना दर महिन्याला एक कार्ड टाकत. त्यावर ठसठशीत अक्षरात स्वतःचे नाव, मु. पो. नांदगाव, जि. नाशिक, आणि आधी पेन्सिलीने आखून मग शाईने लिहिलेले सहा आकडे. काकांची उत्तरे नियमाने येत. वडील ती वाचण्याआधी उलटून पाठवणाऱ्याची जागा बघत आणि आईला हाक मारून म्हणत, "बघ, अजून कोरीच."

एवढी तक्रार ते शेवटपर्यंत करीत. पण पोस्टमनला दारात उभे करून चौकशी करणे मात्र त्यांनी कायमचे बंद केले होते.